कोणत्या महिन्यात ओतलीत?

साबण बिघडला की लोक कृती बदलतात आणि मेणबत्ती बिघडली की दुकान. मला कोणी बिघडलेली वडी आणून दाखवली, तर मी आधी विचारते, कोणत्या महिन्यात ओतलीत? मग विचारते, घरात पाणी कुठलं येतं, धरणाचं की बोअरचं? या दोन उत्तरांत बहुतेक वेळा निम्मं निदान होऊन जातं. उरलेलं निम्मं तेलाच्या पिशवीवर छापलेलं असतं, नाहीतर डोक्यावर गरगर फिरत असतं.

शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर हौसेने घरी साबण करायला लागले. विकत नाही, त्यामुळे माझ्याकडे गुपित असं काही नाही आणि कोणाला माझी धास्तीही नाही. जुन्या विद्यार्थिनी, त्यांच्या जावा-नणंदा, सोसायटीतल्या बायका, पुण्यात डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत स्टॉल लावायच्या तयारीत असलेला एखादा बचत गट, असा गोतावळा हळूहळू जमला आहे. रात्री जेवणं उरकली की फोटो यायला लागतात. "बाई, साबणाला घाम सुटलाय." "बाई, मेणबत्तीच्या पोटात खड्डा पडलाय." "बाई, वरून पांढरी बुरशी आलीय, फेकून देऊ का?"

यातल्या बहुतेक जणी व्हिडिओ बघून शिकलेल्या. व्हिडिओतली बाई परदेशातल्या घरात असते, तिच्या खोलीत वर्षभर वीस-बावीस अंश टिकून असतात. मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, असं ती सहज सांगून पुढे जाते. आमच्याकडे तीच खोली जानेवारीच्या पहाटे खोबरेलाच्या बाटलीचा दगड करते, मे महिन्यात चाळिशीला टेकते आणि जून ते सप्टेंबर हवेतूनच पाणी पाजते. कृती एक, खोल्या तीन. मग एकच साबण तीन तऱ्हांनी बिघडतो यात नवल काय?

थंडीतला बिघाड फसवा असतो. तेल आणि कॉस्टिकचं (म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड) पाणी एकत्र घुसळलं की मिश्रण घट्ट होत जातं आणि भज्यांच्या पातळ पिठासारखी त्याची धार वर रेघ सोडायला लागते. याला साबणवाले 'ट्रेस' म्हणतात. तो आला की साच्यात ओतायचं. पण खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गेलं की स्वतःच थिजतं. डिसेंबर-जानेवारीत गार तेलावर गार कॉस्टिक ओतलं की दोन मिनिटांत मिश्रण दाट होतं आणि बाई खूश होऊन साचा भरते. तो ट्रेस नसतो, नुसतं थिजणं असतं. दुसऱ्या दिवशी वडीच्या तळाशी पाणी सुटतं, वर तेलाचा थर येतो आणि मधूनच कॉस्टिकचे कप्पे सापडतात. उपाय साधा आहे. थंडीत तेल ३५-४० अंशांपर्यंत कोमट करून घ्यायचं. घट्ट झालेलं मिश्रण संशयास्पद वाटलं तर पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवून पुन्हा ढवळायचं. थिजलेलं असेल तर ते लगेच पातळ होतं आणि खरा ट्रेस यायला वेळ लागतो.

मे महिन्यात उलटी तऱ्हा. कॉस्टिक पाण्यात विरघळताना पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत सहज तापतं. (कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. उसळून तोंडावर येतं. आणि नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.) परदेशी कृतीत पुढे लिहिलेलं असतं, साचा टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. तिथे ते बरोबर आहे, कारण साबण तयार होताना उष्णता निघते आणि ती टिकली तर वडी एकजीव होते. पण आपल्या वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, गच्ची तापलेली असताना तो साचा टॉवेलमध्ये गुंडाळला, तर मधोमध तडा जातो आणि कधी वडी फुगून साच्याबाहेर येते. मध किंवा दूध घातलेलं असेल तर जास्तच, कारण साखरेमुळे मिश्रण आणखी तापतं. उन्हाळ्यात मोजलेल्या पाण्यातलं निम्मं बर्फाच्या रूपात घ्यायचं, दूध वापरायचं असेल तर तेही गोठवून, आणि टॉवेल कपाटातच राहू द्यायचा.

पावसाळ्यात घाम. तयार ग्लिसरीन बेस वितळवून साच्यात ओतलेले जे पारदर्शक साबण असतात, त्यांच्यावर दवासारखे थेंब जमतात. काही आतून झिरपलेलं नसतं. ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं. असा साबण साच्यातून काढला की त्याच तासाभरात प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचा, दुसरं औषध नाही. कॉस्टिकचा डबाही याच दिवसांत दगा देतो. झाकण सैल राहिलं तर त्याच्या पापड्या ओल धरून गठ्ठा होतात, आणि मग शंभर ग्रॅम म्हणून आपण जे तोलतो त्यात कॉस्टिक कमी आणि पाणी जास्त. साबण मऊ, तेलकट, दिवसेंदिवस न वाळणारा होतो आणि दोष पावसाला दिला जातो. अर्धा खराच असतो म्हणा.

आता ती पांढरी बुरशी. वडीवर पिठासारखा थर येतो तो धुण्याचा सोडा असतो, सोडियम कार्बोनेट. पृष्ठभागावर उरलेल्या कॉस्टिकचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग झाला की तो तयार होतो. ओल्या हाताने चोळला की जातो. पाणी थोडं कमी घेतलं आणि पहिला दिवस साचा झाकून ठेवला की बहुतेक वेळा येतच नाही. मी तर म्हणते, आला तरी येऊ द्या. पण ज्यांना विकायचं असतं त्यांना वडी गुळगुळीत हवी असते, कारण गिऱ्हाइकालाही ती बुरशीच वाटते.

मला खरी काळजी वाटते ती वजनाची. तेलाच्या पिशवीवर '१ लिटर' असं मोठ्या अक्षरांत आणि '९१० ग्रॅम' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आपल्या घरांत लिटर आणि किलो हे तेलाच्या बाबतीत एकच समजले जातात. चकलीला काही फरक पडत नाही. साबणाला पडतो. एक ग्रॅम खोबरेलाचा साबण व्हायला सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. सुरक्षिततेसाठी पाच टक्के कमी घ्यायचं, म्हणजे थोडं तेल मोकळं उरतं आणि साबण कातडीला बोचत नाही. किलोभर खोबरेलाला या हिशेबाने जवळजवळ १७४ ग्रॅम कॉस्टिक येतं. पण पातेल्यात पडलंय ९१० ग्रॅम, त्याला सगळ्या तेलाचा साबण करायलाही १६६-१६७ ग्रॅमच पुरतं. पाच टक्क्यांची सगळी राखण संपून वर सातेक ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळं राहतं. साबण पांढराशुभ्र, कडक, देखणा होतो. आणि हात भाजतो.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे 'तेल ते तेल' हा समज. अर्धा किलो खोबरेलाची कृती हाताशी आहे, घरात शेंगदाण्याचं घाण्याचं तेल आहे, मग तेच घातलं. शेंगदाणा तेलाला ग्रॅममागे सुमारे ०.१३६ कॉस्टिक पुरतं. अर्ध्या किलो खोबरेलाला ९१ ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच शेंगदाण्याला ६८. तेवीस ग्रॅम कॉस्टिक जास्त झालं, तेही अंगाला लावायच्या वस्तूत. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा असतो, कारण प्रत्येकातल्या स्निग्धाम्लांची लांबी वेगळी. तेल म्हणजे स्निग्धाम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडणी आहे, हे फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल यांनी १८२३ पर्यंत उलगडून दाखवलं. त्याच गृहस्थांनी गे-ल्युसॅक यांच्याबरोबर १८२५ मध्ये चरबीतल्या घट्ट आम्लांपासून, म्हणजे आज आपण मेणात घालतो त्या स्टिअरिक ॲसिडसारख्या पदार्थांपासून, मेणबत्ती बनवण्याचं पेटंट घेतलं. साबण आणि मेणबत्ती एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. ते १०२ वर्षं जगले. कॉस्टिक हाताळणाऱ्यांनी दिलासा मानायला हरकत नाही.

तर वजनकाटा ग्रॅमचा हवा, प्रत्येक तेलाचा हिशेब वेगळा हवा. शंका आलीच तर अल्कली ओळखणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब ओल्या वडीवर टाका. फिकट गुलाबी चालेल, साबण मुळात अल्कलीच असतो. गडद राणी रंग चढला तर ती वडी अंगाला लावायची नाही. साडेपाच पीएचचा घरगुती साबण, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. तेल आणि कॉस्टिकचा खरा साबण नऊ-दहाच्या आसपासच असतो. पीएच खाली आणायला मिश्रणात लिंबू पिळतात. लिंबातलं आम्ल कॉस्टिक खाऊन टाकतं, तेवढं तेल साबणाविना उरतं आणि वडी बुळबुळीत होते.

हळदीवरून एकदा एका विद्यार्थिनीचा फोन आला होता. दिवाळीसाठी हळद-चंदनाचा साबण करायला घेतला आणि कॉस्टिक पडताच सगळं मिश्रण विटकरी लाल. "बाई, हळदीत भेसळ आहे का हो?" मी म्हटलं, अगं, तुझ्या आजीने हळदीत चुना घालून कुंकू केलेलं बघितलं नाहीस का कधी? अल्कलीत हळद लाल होते. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तोही यामुळेच. साबण मुरत गेला की तो रंग उतरून पिवळसर-केशरीवर येतो. घाबरून त्यात आणखी हळद ओतू नये, नाहीतर आंघोळीनंतर टॉवेल बोलायला लागतो. खिडकीतल्या उन्हात वाळत ठेवू नये, हळदीचा रंग ऊन खातं.

लवंग आणि दालचिनीचं तेल हा आणखी एक देशी घोळ. वासाला उत्तम, पण लवंगेतल्या युजेनॉलमुळे मिश्रण डोळ्यांदेखत आवळतं. कधी कधी ब्लेंडर अडकावा इतकं. हे तेल आधी थोड्या साध्या तेलात मिसळून, अगदी शेवटी, ब्लेंडर बंद करून चमच्याने घालायचं. साचा आधीच समोर तयार हवा. फोन वाजला तर उचलायचा नाही. व्हॅनिलाचा वास घातला तर साबण चॉकलेटी होतो, तो होणारच. त्याला चॉकलेट साबण म्हणा आणि विका.

भांड्यांविषयी मी कडक आहे. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिकच्या आसपासही नको. दोघांच्या भांडणातून हायड्रोजन निघतो, पातेलं काळं पडतं, कधी भोकही पडतं, आणि गॅसची शेगडी जवळ असते हे विसरू नये. कसब्यातल्या तांबट आळीतली तांब्याची पातेली मला फार आवडतात, पण तांब्याचा आणि लोखंडाचा अंश साबणात उतरला की तेल लवकर खवट होतं. स्टीलचं पातेलं, जाड प्लॅस्टिकचा जग, सिलिकॉनचा चमचा. बस. आणि ती भांडी परत भाजी-आमटीला नाहीत.

खवटपणावरून करडई आठवली. सोलापूर-मराठवाड्याकडच्या लोकांना करडईच्या तेलाचं प्रेम असतं, मलाही आहे, स्वयंपाकात. पण साध्या करडईत लिनोलिक आम्ल तीन चतुर्थांशाच्या घरात असतं आणि ते हवेशी फार लवकर संयोग पावतं. करडईचं प्रमाण जास्त असलेल्या साबणावर दोन-तीन महिन्यांत नारिंगी ठिपके उठतात आणि जुन्या फरसाणाच्या डब्याचा वास यायला लागतो. दमट हवेत आणखी लवकर. घाण्याचं, न गाळलेलं ताजं तेल म्हणजे शुद्ध, हे खाण्यापुरतं ठीक. साबणात त्यातला गाळ उलट खवटपणाला मदत करतो. अशा वेळी खोबरेलाचा वाटा वाढवणं, थोडं एरंडेल फेसासाठी घेणं आणि करडईला पाच-दहा टक्क्यांत ठेवणं बरं. अर्थात प्रत्येक बदलाला कॉस्टिकचा हिशेब नव्याने मांडायचा. हे मी इतक्यांदा बोलते की पोरी माझी नक्कल करतात.

पाण्याचा प्रश्न मात्र खास पुण्याचा. खडकवासल्याच्या धरणाचं पाणी तुलनेने मऊ, त्यात साबण छान फेसाळतो. तोच साबण वाघोली किंवा उंड्रीकडे, टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्या लेकीला पाठवला की तिचा फोन, "आई, फेसच येत नाही, आणि बादलीला पांढरट चिकट थर बसतो." साबण तोच असतो. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून न विरघळणारा साका करतं. ती संपेपर्यंत फेस येत नाही. खात्री करायची असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत स्वयंपाकघरातल्या आरओचं, दोन्हींत साबणाचा सारखाच किस, आणि गदागदा हलवायचं. पाहिल्यावर पुढचं बोलावं लागत नाही. उपाय म्हणून साबण करतानाच वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कॉस्टिकच्या पाण्याआधी साध्या पाण्यात विरघळवून घालता येतं. दहा ग्रॅम लिंबूसत्त्वाला सुमारे सहा ग्रॅम कॉस्टिक वरचं घ्यायचं. लिंबू पिळण्यात आणि यात फरक हाच की इथे आम्लाचा हिशेब आधी चुकता केलेला असतो.

मेणबत्त्यांकडे वळते. मला विचाराल तर घरगुती मेणबत्तीचा सगळ्यात मोठा शत्रू छताला टांगलेला असतो. ज्योत नीट उभी का राहते, हे शास्त्रज्ञ मायकल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना समजावलं होतं. ज्योतीच्या उष्णतेने हवा वर चढते, त्या जागी खालून गार हवा मेणाच्या कडेवरून येते आणि कड थंड राखते. म्हणून मधे वाटी तयार होते आणि वितळलेलं मेण तिच्यात राहतं. वारा एका बाजूने आला की ती कड एका बाजूला वितळून फुटते. फॅरडेंच्या श्रोत्यांच्या डोक्यावर विजेचा पंखा नव्हता. आपल्याकडे बैठकीत सुगंधी मेणबत्ती लावतात आणि पंखा तीनवर. ज्योत झुकते, धूर सोडते, बरणीच्या एका बाजूला काजळी धरते, दुसऱ्या बाजूचं मेण तसंच उभं राहतं. मग मला फोटो येतो: "वात चुकली का?" वात नव्हे, रेग्युलेटर.

मधोमध विहीर खणत जाणारी मेणबत्ती, हीही नेहमीची तक्रार. पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळू द्यायला हवं. बरणीच्या व्यासाला इंचामागे सुमारे एक तास, असा ठोकताळा आहे. तीन इंची बरणी म्हणजे तीन तास. आरतीपुरती लावून विझवली तर पुढच्या वेळी मेण त्याच वर्तुळात वितळतं. तीन तास देऊनही कडा उभ्याच राहत असतील तर मात्र वात बारीक आहे. उलट ज्योत उंच, वातीच्या टोकाला काळा गोळा आणि धूर, म्हणजे वात जाड किंवा न कापलेली. दर वेळी लावण्याआधी पाचेक मिलिमीटर ठेवून कापायची. घरची फुलवात, समईची वात मेणात चालत नाही. हाताने वळलेला कापूस तेलात उत्तम, पण वितळलेल्या मेणात तो लोळतो आणि विझतो. मेणबत्तीची वात विणलेली असते. जळता जळता तिचं टोक वाकून ज्योतीच्या बाहेरच्या तापलेल्या भागात जातं आणि राख होऊन जातं. निरांजनाची काजळी आपण झाडतो, ते काम तिथे विणीवर सोपवलेलं असतं.

खड्ड्याचं कारण सोपं. पॅराफिन थिजताना आकसतं. बाहेरची बाजू आणि वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतलं मेण उशिरा, म्हणून वातीभोवती पोकळी राहते. पापुद्रा धरला की विणकामाच्या सुईने वातीजवळ दोन-तीन भोकं पाडायची आणि राखून ठेवलेलं मेण पुन्हा गरम करून वरून ओतायचं. फ्रिजमध्ये ठेवण्याची घाई केली की तडे. सोया मेणावर येणारी पांढरी बुट्टी आणि काचेला मेण सुटल्यासारखे दिसणारे ओले डाग, यांची मी दखलही घेत नाही. जळण्यात काही फरक पडत नाही. फारच टोचत असेल तर ओतण्याआधी बरणी कोमट करावी.

वासाचा हव्यास हे मात्र दुखणं आहे. मेणाच्या सहा ते आठ टक्के सुगंधी तेल, म्हणजे शंभर ग्रॅम मेणाला सहा-आठ ग्रॅम, हे बहुतेक मेणांना झेपतं. "पण बाई, वासच येत नाही," म्हणून पंधरा घालतात. जास्तीचं तेल मे महिन्यात थेंब होऊन वर येतं, आणि साचलेल्या तेलाने भडका उडू शकतो. दिवसभर त्याच खोलीत बसून नाक मेलेलं असतं, म्हणून वास येत नाही; शेजारणीला बोलवा, ती उंबऱ्यावरच सांगेल. सोया मेणाला तर ओतल्यावर दहा-पंधरा दिवस तसंच राहू द्यावं लागतं, वास मग उमलतो. बोहरी आळीत सुगंध घ्यायला गेलात तर मेणबत्तीसाठी हवा आहे असं स्पष्ट सांगा. अगरबत्तीचे सुगंध बरेचदा डीईपी (डायइथाइल थॅलेट नावाचं द्रावक) घालून पातळ केलेले असतात. गुलाबपाणी, केवड्याचं पाणी मेणात कधीच नाही. पाणी आणि मेण मिसळत नाहीत, तळाशी थेंब राहतो आणि ज्योत तिथे पोचली की तडतडतो.

पणतीचं तसंच. पणत्या दिवाळीआधी पाण्यात भिजत घालायच्या, म्हणजे त्या तेल पीत नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. मेण भरायच्या पणत्यांना हाच नियम लावला की गडबड होते. मातीत मुरलेली ओल गरम मेण ओतताच बुडबुडे होऊन वर येते, मेण सच्छिद्र राहतं, वात सुटते. मेणासाठी पणती कडकडीत वाळलेली हवी, आणि आतून आधी मेणाचा एक पातळ हात देऊन ठेवायचा.

मेण गॅसवर थेट ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवा, पेटलंच तर झाकण टाका, पाणी ओतू नका. हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं, घरगुतीच तर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामावर असलेल्या अनेक बायका त्यात गेल्या. त्या मेणबत्त्यांत फटाक्यासारखी दारू असते, आपल्या पॅराफिनचा त्याच्याशी संबंध नाही, हे खरं. तरी "असल्या ठिणगीच्या मेणबत्त्या घरी करता येतील का?" असं बचत गटातून कोणी विचारलं की मी तो विषय तिथेच संपवते. कॉस्टिक अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नये. नळाखाली धरावं आणि बराच वेळ धरावं. डोळ्यात गेलं तर नळ सुरू आणि दुसऱ्या माणसाने रिक्षा बोलवावी.

विकणाऱ्यांसाठी एवढंच की आंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. मेणबत्तीला तो लागत नाही. बऱ्याच जणींना हे साबणाची पहिली ऑर्डर घेतल्यावर कळतं.

शेवटी पुन्हा महिनाच येतो. साबण साच्यातून निघाला की झाला, असं नसतं. चार ते सहा आठवडे जाळीवर, हवेशीर, वड्या सुट्या ठेवून मुरू द्यावा लागतो. त्यातलं पाणी उडतं, वडी कडक होते, लवकर झिजत नाही, फेसही सुधारतो. आणि आपलं पंचांग याला इतकं सोयीचं आहे की मला दरवर्षी गंमत वाटते. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी बरोबर दीड महिना. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, शहराला झोप लागलेली असते तेव्हा, साबण ओतला की अभ्यंगस्नानाला हजर. २०२० सारखा अधिक आश्विन आला तर वर एक महिना बक्षीस. गणपतीत पाऊस रेंगाळला तर मात्र ओतणं थोडं पुढे ढकलण्यापेक्षा पाणी कमी घेणं आणि वड्या पातळ कापणं हिताचं.

पण फोन यायचा तो दसऱ्यालाच येतो. दसरा ते नरक चतुर्दशी जेमतेम तीन आठवडे.

"बाई, दिवाळीला साबण द्यायचेत, आज ओतले तर होतील ना?"

"मुरायचे नाहीत गं. पॅराफिनच्या पणत्या कर, त्या दुसऱ्या दिवशी तयार असतात. साबण आत्ता ओत आणि डिसेंबरात भीमथडीला ने."

"पण ऑर्डर घेतलीय. पैसेही घेतलेत."

"मग उटणं दे. त्याला मुरवावं लागत नाही."